हीच ती भिंत!

सिनेमात दिसलेल्या जागा चालत चालत दाखवणाऱ्या गाईडचं सगळं भांडवल तीन शब्दांत मावतं: ‘हीच ती भिंत.’ भिंतीच्या जागी जिना, दरवाजा, बाकडं, पुलाचा कठडा असं काहीही येऊ शकतं. ‘हीच ती’ मात्र कायम. हे शब्द उच्चारल्यावर जे घडतं ते जरा जवळून बघण्यासारखं असतं. गाईड पिशवीतून प्लास्टिकचं आवरण चढवलेला फोटो काढतो, नाहीतर टॅबलेटवर थांबवून ठेवलेलं दृश्य वर धरतो. मग एक पाऊल मागे, अर्धं पाऊल डावीकडे, एक डोळा मिटून तो फोटोतली खिडकी आणि समोरची खिडकी एका रेषेत आणतो. भटजी पत्रिका जुळवतात त्या गांभीर्यानं. पंधरा माणसं आळीपाळीनं फोटोकडे आणि भिंतीकडे बघतात. फोटोत नायिका आहे, वारा आहे, उतरतं ऊन आहे. भिंतीवर विजेचे मीटर आहेत, ‘येथे वाहने उभी करू नयेत’ अशी पाटी आहे आणि त्या पाटीखाली उभी केलेली स्कूटर आहे. थोडा वेळ कुणीच काही बोलत नाही. मग कुणीतरी ‘अच्छा!’ म्हणतं, आणि त्या ‘अच्छा’चा सूर ‘एवढंच?’ असा असतो.

या ‘एवढंच?’साठी लोक आगाऊ पैसे भरतात, सुट्टीच्या दिवशी पहाटे उठतात, टोपी आणि पाण्याची बाटली घेऊन दोन-तीन तास तंगडतोड करतात, हे बघून शहाण्या माणसांना हसू येतं. त्यांचं म्हणणं असं, की जिथं बघण्यासारखं काही नाही तिथं पैसे घेऊन नेणं ही लबाडी आणि पैसे देऊन जाणं हा बावळटपणा. यातला पाया मान्य करायला हरकत नाही. बघण्यासारखं खरोखरच काही नसतं. पण निष्कर्ष उलटा निघतो. या वॉकमध्ये विक्रीला ठेवलेला माल भिंत हा नसतोच. माल म्हणजे ती निराशा. ती जितकी घसघशीत, तितके पैसे वसूल. ज्या वॉकमध्ये माणूस एकदाही हिरमुसला नाही, त्याचे पैसे खुशाल परत मागावेत.

कारण सिनेमा हा भूगोलाच्या बाबतीत अट्टल थापाड्या आहे, आणि त्याची थाप खुर्चीत बसून पकडता येत नाही. नायक एका गल्लीत वळतो आणि भलत्याच उपनगरात बाहेर पडतो. मधले दहा किलोमीटर संकलकाच्या कात्रीखाली गेलेले असतात. डोळे ते बिनतक्रार गिळतात. पायांना मात्र कात्री लावता येत नाही. याचा सर्वांत ठसठशीत पुरावा अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात सापडतो. ‘रॉकी २’ या १९७९ सालच्या चित्रपटात मुष्टियोद्धा नायक सरावासाठी शहरभर धावतो, पोरांचा घोळका त्याच्या मागे लागतो आणि शेवटी सगळे मिळून कलासंग्रहालयाच्या ७२ पायऱ्या चढून जल्लोष करतात. पडद्यावर हे सगळं काही मिनिटांत उरकतं. २०१३ मध्ये तिथल्या एका मासिकाच्या पत्रकारानं त्या धावेतलं प्रत्येक दृश्य कुठं टिपलंय ते शोधलं, ठिकाणं ओळीनं नकाशावर जोडली आणि बेरीज केली. ती निघाली तीस मैलांच्या वर, म्हणजे जवळजवळ ४९ किलोमीटर. मॅरेथॉन ४२ किलोमीटरची असते. सामना दूरच, नुसता सराव म्हणून हा गृहस्थ मॅरेथॉनपेक्षा सात किलोमीटर जास्त धावला, शहराच्या या टोकाहून त्या टोकाला जाऊन आला आणि वर पायऱ्या चढून उड्याही मारल्या. फिलाडेल्फियाकरांनी यावर निर्मात्यांकडे खुलासा मागितला नाही. त्यांनी त्याच मार्गावर दरवर्षी पन्नास किलोमीटर धावण्याचा उपक्रम सुरू केला. थाप पकडली, मग ती स्वतःच्या पोटऱ्यांनी मोजली. सिनेमाची याहून कडक समीक्षा कुठल्या साप्ताहिकात छापून आल्याचं ऐकिवात नाही.

आपल्याकडे मोजण्यासारख्या थापा कमी नाहीत. मोजणारे पाय कमी आहेत. ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’चा शेवट आठवा. सुटलेली गाडी, दारात उभा नायक, त्याचा पुढे केलेला हात, आणि बापानं मनगट सोडताच धावत सुटलेली नायिका. पंजाबातलं हे स्टेशन आहे रायगड जिल्ह्यातलं आपटा, पनवेल-रोहा मार्गावरचं. पंजाबच्या पाच नद्यांमध्ये या दृश्यापुरती आपट्याजवळच्या पाताळगंगेची भर पडली एवढंच. ‘शोले’तले डाकू राहतात ते खडक बंगळूर-म्हैसूर रस्त्यावरच्या रामनगरचे, आणि मालगाडीमागे डाकूंचे घोडे धावतात ते पनवेलजवळ. मधलं अंतर हजारेक किलोमीटर. घोड्यांचं कौतुक करावं की पनवेलचं, हे ठरवणं कठीण आहे. या एका तालुक्यानं हिंदी सिनेमाला पुरवलेली राष्ट्रीय एकात्मता सरकारी जाहिरातींनाही जमलेली नाही.

तरी पनवेल हा किरकोळ भूमिका करणारा नट. खरा बहुरूपी म्हणजे वाई. ‘गंगाजल’मध्ये (२००३) वाईनं बिहार केला. पुढच्याच वर्षी ‘स्वदेस’मध्ये शेजारच्या मेणवलीनं उत्तर प्रदेशातलं चरणपूर केलं. ‘दबंग’मध्ये (२०१०) वाई पुन्हा उत्तर प्रदेश झाली, लालगंज या नावानं. ‘चेन्नई एक्सप्रेस’मध्ये (२०१३) तिनं थेट तमिळनाडू गाठलं. कृष्णा नदी या सगळ्यातून निमूट वाहत राहिली. तिला कुणी संवाद दिले नाहीत, त्यामुळे कुठल्या भाषेत वाहायचं हा प्रश्न आला नाही. गंमत अशी, की ही तीच वाई, जिथं तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली मराठी विश्वकोशाचं काम उभं राहिलं. ज्या गावानं बिहार, उत्तर प्रदेश आणि तमिळनाडू या राज्यांच्या नोंदी काटेकोरपणे तपासून खंडांमध्ये घातल्या, त्याच गावानं चार गल्ल्या सोडून नदीच्या घाटावर स्वतःच बिहार, उत्तर प्रदेश आणि तमिळनाडू असल्याची बतावणी केली. विश्वकोशात अशी अवस्था कुठल्या अक्षराखाली घालायची हे त्या संपादक मंडळालाच ठाऊक.

वाईच्या घाटावर वॉक काढला तर तासाभरात तीन राज्यं चपला न बदलता पालथी घालता येतील. आणि तिथं जी निराशा होते, तिचा उपयोग दिसू लागतो. घाटावर उभं राहिलं की पहिली गोष्ट अंगावर येते तो दगड. काळा, आपल्या सह्याद्रीचा बेसॉल्ट. पायऱ्या काळ्या, तट काळा, ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंतही काळीच. ही भिंत माशाच्या आकाराची आहे, निमुळतं टोक नदीच्या येणाऱ्या पाण्याकडे, म्हणजे पुराचा लोंढा तिच्यावर आपटून दोन बाजूंना फाटावा. रास्त्यांनी हे देऊळ १७६२ साली बांधलं. आता गंगेच्या गाळाच्या सपाट मैदानात असा काळा दगड येणार कुठून? सिनेमा बघताना हा प्रश्न आपल्याला पडला नाही. घाटावर वाढलेल्या, गणपतीच्या पायऱ्यांवर बसून वाटीभर भेळ खाल्लेल्या मराठी प्रेक्षकालाही पडला नाही. खाकी गणवेशातला माणूस हिंदीत ओरडला आणि आपण मुकाट्यानं दगडाचं बिहारीपण मान्य केलं. वॉकवर हिरमुसलेला माणूस पुढच्या वेळी नायकाच्या खांद्यावरून मागे बघतो. तिथं झाडं कुठली आहेत, कौलं कुठली आहेत, दगड काय म्हणतोय. तिकिटाच्या पैशात एवढी नजर आली तर सौदा वाईट नाही.

ही थापेबाजी हल्लीच्या लोकांनी सुरू केली असंही नाही. ती पहिल्याच दिवसापासून आहे. १९१३ साली लोकांसमोर आलेल्या ‘राजा हरिश्चंद्र’ची अयोध्या दादासाहेब फाळक्यांनी दादरला उभी केली आणि बाहेरची दृश्यं वांगणीला जाऊन घेतली. राणी तारामती म्हणून उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके उभे राहिले. अख्खा चित्रपट सत्यवचनी राजाचा, आणि त्यात राजवाडा, अरण्य, राणी यांपैकी एकही गोष्ट खरी नाही. भारतीय सिनेमाच्या पायाभरणीला याहून चोख मुहूर्त मिळाला नसता.

मुंबईच्या फोर्टातला वॉक या दृष्टीनं आदर्श आहे, कारण तिथं निराशा टप्प्याटप्प्यानं वाढत जाते. काळा घोड्याजवळ एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे जुनं वॉटसन हॉटेल. ७ जुलै १८९६ ला ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं हिंदुस्थानात पहिल्यांदा इथं दाखवली गेली, एक रुपया तिकीट लावून. देशातल्या सिनेमाचं हे जन्मस्थान. गट मान वर करून बघतो तेव्हा दिसतो गंजका लोखंडी सांगाडा आणि रिकामी करून घेतलेली, दुरुस्तीची वाट बघत असलेली इमारत. तिथून जहांगीर कलादालन. ‘छोटी सी बात’मध्ये दिसणारं इथलं ‘समोवार’ २०१५ साली बंद झालं. त्यामुळे गाईडला नसलेल्या उपाहारगृहातल्या नसलेल्या टेबलाकडे बोट दाखवून त्यावरचा चहा वर्णन करावा लागतो. ही कामगिरी सोपी नाही. कीर्तनकारांना नमस्कार करावा तसा या मंडळींनाही केला पाहिजे.

मग हॉर्निमन सर्कल ओलांडून एशियाटिकच्या तीस पायऱ्या. १८३३ मध्ये पूर्ण झालेला हा टाऊन हॉल, पांढरेशुभ्र ग्रीक खांब, आत ग्रंथालय. हिंदी सिनेमानं त्याला कित्येकदा न्यायालय करून टाकलं आहे. खरं उच्च न्यायालय तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, गॉथिक मनोऱ्यांचं आणि चांगलं भारदस्त. पण दिग्दर्शकांना न्याय ग्रीक खांबांतूनच मिळतो असं वाटतं. निर्दोष सुटलेला नायक ज्या पायऱ्या आईचा हात धरून उतरतो, त्यांवरून प्रत्यक्षात पुस्तक उशिरा परत केल्याचा दंड भरून वाचक उतरतात. आणि मुंबईनं स्वतः दुसऱ्यांच्या भूमिका केल्या म्हणून मुंबईची भूमिका मुंबईलाच मिळते असंही नाही. ‘बॉम्बे वेल्व्हेट’साठी (२०१५) जुन्या मुंबईचे रस्ते श्रीलंकेत उभारले गेले. त्या मुंबईचा वॉक करायचा तर पासपोर्ट जवळ ठेवावा लागेल.

हे सगळं खरं मानलं, तर बिघाड कुठं होतो तेही कळतं. तो होतो निराशा दूर करायला कुणीतरी पुढे सरसावतं तेव्हा. लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनात हॅरी पॉटरचा ‘पावणेदहा’ नंबरचा फलाट आहे. त्याची हकिगत पदर सुटत जावेत तशी सुटते. लेखिकेनंच पुढे सांगितलं, की लिहिताना तिनं किंग्ज क्रॉसची युस्टन स्टेशनशी गल्लत केली. चित्रीकरण नऊ आणि दहा नंबरच्या फलाटांवर झालं नाही, ते झालं चार आणि पाचच्या मध्ये. बाहेरून जी देखणी इमारत दाखवली, ती शेजारच्या सेंट पँक्रसची. म्हणजे चुकीच्या स्टेशनातले चुकीचे फलाट, चुकीच्या इमारतीत. निराशेचा एवढा समृद्ध साठा जगात क्वचित सापडेल! पण रेल्वेवाल्यांनी काय केलं? फलाटांपासून दूर, मोकळ्या दालनातल्या एका भिंतीत अर्धी हातगाडी रोवली. समोर दोरखंड लावून रांगेची सोय केली. पाळी आली की गळ्यात मफलर घालतात, एक कर्मचारी त्याचं टोक हातात धरून उभा राहतो, ‘उडी’ म्हणताच टोक हवेत सोडून देतो, आणि मफलर वाऱ्यावर उडाल्याचा फोटो तयार. फोटो शेजारच्या दुकानात विकत मिळतो. इथं कुणी ‘एवढंच?’ म्हणत नाही. सगळे खूश होऊन बाहेर पडतात आणि नेमकं त्यामुळेच कुणाला काही कळत नाही.

फिलाडेल्फियाच्या पायऱ्यांशीही असाच उद्योग झाला. तिसऱ्या ‘रॉकी’साठी बनवलेला नायकाचा ब्राँझचा पुतळा चित्रीकरणानंतर शहराला भेट मिळाला. संग्रहालयाशी संबंधित मंडळींचं म्हणणं पडलं, की ही कलाकृती नव्हे, चित्रीकरणाचं सामान आहे. पुतळा क्रीडासंकुलाकडे गेला, पुन्हा आला, पुन्हा गेला आणि २००६ मध्ये पायऱ्यांच्या पायथ्याशी येऊन थांबला. आत मोठमोठ्या चित्रकारांची चित्रं टांगलेली आहेत. बाहेर रांग लागते ती कधीच अस्तित्वात नसलेल्या मुष्टियोद्ध्यासोबत हात वर करायला. पुतळा नव्हता तोवर लोक निदान पायऱ्या चढून धापा टाकत होते. पुतळा आल्यावर खालीच काम भागू लागलं.

उलट रोमच्या नगरपालिकेला याचं मर्म अजाणता सापडलं आहे. ‘रोमन हॉलिडे’त (१९५३) राजकन्या स्पॅनिश स्टेप्सवर आइस्क्रीम खाते. ते बघून साठहून अधिक वर्षं जगभरचे लोक तिथं आइस्क्रीम घेऊन बसत आले. २०१९ पासून त्या पायऱ्यांवर बसायलाच बंदी आहे आणि दंड चारशे युरोपर्यंत जाऊ शकतो. राजकन्येला जे सहज मिळालं ते आता उभ्यानं बघायचं. निराशेची इतकी शिस्तबद्ध व्यवस्था लावल्याबद्दल रोमकरांचं अभिनंदन करायला हवं. व्हिएन्नावाले तर त्याहून पुढे गेले आहेत. ‘द थर्ड मॅन’चा (१९४९) शेवटचा पाठलाग शहराच्या भुयारी गटारांत घडतो. ऑर्सन वेल्सला ती गटारं पसंत पडली नाहीत, म्हणून त्याच्या बऱ्याचशा गटाराचा सेट इंग्लंडमधल्या स्टुडिओत लागला. आज शहराचं सांडपाणी खातं पर्यटकांना हेल्मेट घालून खाली उतरवतं आणि नटानं नाकारलेली ती गटारं तिकीट लावून दाखवतं. आपल्या महापालिकांनी यातून घेण्यासारखं काही नाही. आपल्याकडे ही सोय पावसाळ्यात रस्त्यावरच आणि विनामूल्य असते.

यावर आक्षेप येतात, आणि ते ऐकून घेतले पाहिजेत. पहिला आक्षेप व्यवहारी माणसाचा: निराशाच हवी असेल तर एखाद्या सरकारी कचेरीत दाखला मागायला जावं, फुकट मिळते. हा माणूस दोन वेगळ्या मालांची सरमिसळ करतोय. कचेरीत जाताना आपण कसलीही आशा घेऊन जात नाही, त्यामुळे पडायला उंचीच नसते. सिनेमाच्या जागेवर माणूस वीस-तीस वर्षांची उंची घेऊन आलेला असतो. दुसरा आक्षेप फोनवाल्यांचा: घरबसल्या नकाशावर जागा शोधता येते, रस्त्याचे फोटोही दिसतात, मग पाय कशाला झिजवायचे? पण फोनवरचा नकाशा हाही एक पडदाच आहे, आणि एका पडद्याची थाप दुसऱ्या पडद्यावर तपासणं म्हणजे चोराची साक्ष चोराच्या भावाकडून काढणं. नकाशावर रॉकीची धाव बोटभर लांबीची दिसते. शिवाय फोनवर चढ नसतो, ऊन नसतं, आणि शेजारी उभं राहून ‘एवढंच?’ म्हणणारं कुणी नसतं.

तिसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे, आणि तो सहसा इतिहासप्रेमी मंडळींकडून येतो. पाय झिजवायचेच तर किल्ल्यावर, वाड्यावर, लेण्यांत झिजवावेत. खोट्या गोष्टींच्या खऱ्या जागा बघून काय मिळणार? भावना चांगली आहे. पण जरा दोन गाईड शेजारीशेजारी उभे करून बघा. किल्ल्यावरचा हौशी गाईड भुयाराचं तोंड दाखवतो आणि ते पार पलीकडच्या डोंगरात निघतं असं सांगतो. महाराष्ट्रात असं भुयार नसलेला किल्ला विरळा, आणि त्यातून कुणी पलीकडे निघाल्याचंही ऐकिवात नाही. कडा दाखवला की घोड्यासकट उडी ठरलेली. ऐकणारे माना डोलावतात, कारण तपासणार कसं? सिनेमाचा गाईड मात्र पुरावा हातात घेऊन फिरतो. फोटो समोर, भिंत समोर. खिडकी जुळली नाही तर गटातला दहा वर्षांचा पोरगाही ‘काका, ही ती नाही’ म्हणून त्याला जागच्या जागी तोंडघशी पाडू शकतो. खोट्या कथेबद्दल इतकं खरं बोलण्याची सक्ती दुसऱ्या कुठल्याच गाईडवर नाही. याच सवयीनं पुढे कुणी किल्ल्यावरच्या भुयारात टॉर्च मारून बघितलं, तर इतिहासाचंही भलं होईल.

जादू नाहीशी होते, ही तक्रार मात्र निराधार आहे, आणि तिला साल्झबर्ग हे उत्तर पुरेसं आहे. ‘द साउंड ऑफ म्युझिक’च्या (१९६५) शेवटी सगळं कुटुंब डोंगर ओलांडून स्वित्झर्लंडला पळून जातं. साल्झबर्गला गेल्यावर कळतं, की स्वित्झर्लंड तिथून फार लांब. तो डोंगर ओलांडला की जर्मनी लागते, आणि तीही हिटलरचं डोंगरातलं घर होतं त्याच बाजूची. खरं कुटुंब शांतपणे स्टेशनवर गेलं आणि आगगाडीनं इटलीला पोहोचलं. हे दरवर्षी हजारो पर्यटकांना सांगितलं जातं. सांगून झालं की ते तितक्याच जोरात गाणी म्हणतात. ज्या काचेच्या मंडपात थोरली मुलगी बाकांवरून उड्या मारत नाचते, तो मंडप तिथल्या हेलब्रुनच्या बागेत ठेवला आहे, आणि कुलूपबंद आहे. कारण साठी-सत्तरी उलटलेल्या मंडळींना आत गेल्यावर बाकांवरून उड्या मारण्याचा मोह होतो आणि हाडं त्या वयात ऐकत नाहीत. भूगोल खोटा ठरल्यावरही हाड मोडायची तयारी ठेवणारी ही भक्ती एका वॉकनं आटेल अशी भीती बाळगायचं कारण नाही.

स्थानिकांना होणारा त्रास हा आक्षेप मात्र थट्टेवारी नेता येत नाही. स्वित्झर्लंडमधल्या इझेल्टवाल्ड या तळ्याकाठच्या चिमुकल्या खेड्यात एका कोरियन मालिकेतलं पियानो वाजवण्याचं दृश्य चित्रित झालं आणि पियानोही नसलेल्या लाकडी धक्क्यावर फोटो काढायला एवढे लोक लोटले, की २०२३ मध्ये गावानं तिथं फिरतं फाटक बसवून पाच फ्रँक घ्यायला सुरुवात केली. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधला एक साधा चढाचा जिना २०१९ च्या ‘जोकर’नंतर नाचणाऱ्यांनी भरून गेला आणि त्यावरून भाजीची पिशवी घेऊन घरी जाणाऱ्यांना वाट मिळेनाशी झाली. आपल्याकडे ‘सैराट’नंतर करमाळ्याच्या बाजूला गाड्या वळू लागल्याचं सर्वांना आठवत असेल. पण यात दोष मोकाट चाहत्यांचा आहे. वॉक निदान वेळेला बांधलेला असतो. गाईडला उद्या पुन्हा त्याच गल्लीत यायचं असतं, त्यामुळे तो दाराशी पायपुसण्यावर उभ्या राहिलेल्या माणसाला हटकतो, कुणाच्या वाळत घातलेल्या लुगड्याचा फोटो काढू देत नाही. आणि निराश झालेला गट एका जागी पाच मिनिटांवर थांबत नाही. ठिय्या देऊन रेंगाळतात ते समाधानी लोक.

राहता राहिला प्रश्न सिनेमानं कधीतरी खरं बोलल्यास काय करायचं याचा. असं क्वचित घडतं. बासू चटर्जींच्या ‘मंजिल’मधल्या (१९७९) एका गाण्यात अमिताभ बच्चन आणि मौसमी चटर्जी भर पावसात मुंबईभर भिजत फिरतात; मरीन ड्राईव्ह, ओव्हल मैदान, सगळं आपापल्या जागी. २०२३ च्या पावसाळ्यात एका ज्येष्ठ जोडप्यानं ते गाणं त्याच जागांवर, जवळजवळ चौकटीगणिक पुन्हा चित्रित केलं आणि ते देशभर बघितलं गेलं. तिथं निराशेला जागाच उरली नाही; हे या लेखाच्या विरोधातलं सर्वांत बळकट उदाहरण आहे, आणि ते तसंच राहू द्यावं. मात्र बासूदांच्या पावसाला तिकीट नव्हतं, गाईड नव्हता आणि त्या जोडप्यालाही नव्हता, हे नोंदवून ठेवायला हरकत नाही. दुसरं उदाहरण ‘मुंबई-पुणे-मुंबई’चं (२०१०). मुंबईची मुलगी आणि पुण्याचा मुलगा दिवसभर पुण्यात हिंडतात, एवढीच त्याची गोष्ट. म्हणजे सिनेमा हाच एक वॉक. त्याच्या जागा दाखवणारा वॉक पुण्यात काढायचा तर अडचण भूगोलाची येणार नाही. दहा पुणेकर पैसे भरून आले, तर पहिल्याच चौकात दहा गाईड तयार होतील, त्यातले चार दिग्दर्शकाच्या चुका सांगू लागतील, तिघे तो चौक १९७० पूर्वी कसा होता ते सांगतील, आणि ज्याला पैसे दिलेत त्याला सगळ्यांच्या मागून फोटो सांभाळत चालावं लागेल.